रिकाम्या बाकाचा संघ

गेल्या उन्हाळ्यात अकोल्यात एका लग्नाला गेले होते. जेवणं आटोपल्यावर मांडवाच्या एका कोपऱ्यात आम्ही जुने बास्केटबॉलवाले खुर्च्या ओढून बसलो. असं बसलं की गप्पा शेवटी एकाच गोष्टीवर येतात, कोणता कोच मोठा. अमरावतीचे एक गृहस्थ होते, पोटाचा घेर वाढलेला, पण आवाज अजून मैदानावरचाच. ते म्हणाले, "तुमचे सर मानूस चांगला होता, मी नाही म्हनत नाही. पन एकदा तरी विभाग जिंकला का त्यांनी? आमच्या मॅडमनं किती वेळा राज्यावर नेलं टीमले!"

माझा स्वभाव मुळात तापट. मी म्हटलं, "तुमच्या मॅडमच्या हातात काय होतं आणि आमच्या सरांच्या हातात काय होतं, ते आधी सांगा. तयार पुरणाच्या पोळ्या लाटणं वेगळं आणि डाळ निवडण्यापासून सुरुवात करणं वेगळं." सगळे हसले आणि विषय बदलला. मी मात्र घरी आले तरी त्यातच होते. कारण त्या गृहस्थांना मी जे उत्तर दिलं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायला मांडवात जागाही नव्हती आणि वेळही.

आमचे सर अकोल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. मुसलमान. घरी हिंदी, आमच्याशी वऱ्हाडी, आणि फार राग आला किंवा फार माया आली की पुन्हा हिंदी. कॉलेजच्या मागे सिमेंटचं मैदान होतं, एका बाजूला पार भेगाळलेलं. तिथे चेंडू आपटला की कुठे उडेल याचा नेम नसे. रिंगला जाळी नव्हती. मी जठारपेठेतून सायकलने यायची. उंच होते म्हणून सरांनी मला वर्गातून उठवून नेलं होतं. उंच मुलगी मिळणं ही त्यांच्यासाठी दिवाळीच होती, कारण अकोल्यातली खरी उंच मुलगी दहावी झाली की अमरावतीला जायची. तिथे वसतिगृह होतं, काचेचे बोर्ड होते, आणि मॅडम होत्या. सगळ्या जिल्ह्यांतून मुली त्यांच्याकडे आपण होऊन येत. त्या फक्त निवडायच्या. यात त्यांचा काही दोष नाही. ज्याच्या दारात गंगा येते त्याने विहीर कशाला खणावी?

सर विहीर खणायचे. त्यांची निवडायची रीत मी दुसऱ्या कुठल्याच कोचकडे पाहिली नाही. खेड्यातून आलेली मुलगी कॉलेजात दिसली की ते तिला विचारायचे, "वेचनी येते का तुले?"

कापसाची वेचणी. मुलगी लाजून हो म्हणायची. मग पुढचा प्रश्न, "एका हातानं का दोन्ही हातानं?"

सरांची आई आयुष्यभर लोकांच्या वावरात वेचायला गेलेली. तिच्या मागे मागे फिरताना त्यांनी पाहिलं होतं, की चांगली वेचणारी बाई दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या बोंडांतला कापूस एकाच वेळी काढते आणि कमरेच्या ओटीत टाकते. हाताकडे पाहत नाही. हात या झाडावर असतात आणि डोळे पुढच्या झाडावर. सर म्हणायचे, "अवं, ड्रिबल म्हनजे अजून काय असते? चेंडूकडं पाहाचं नाही, दोन्ही हात सारखे चालले पायजेत. शहरातल्या पोरीले डावा हात शिकवता शिकवता माहे दोन वर्ष जातात. वेचनारी पोर थो घरूनच घेऊन येते."

मी शहरातली पोर. माझा डावा हात शेवटपर्यंत जरा आळशीच राहिला आणि सरांनी ते मला कधी विसरू दिलं नाही.

या रीतीत एक मोठी खोट होती, आणि ती सरांनाही ठाऊक होती. जे हात त्यांना मैदानावर हवे असायचे, तेच हात ऐन सामन्यांच्या दिवसांत वावरात लागायचे. दसरा झाला की वेचणी सुरू, आणि आमचे विभागीय सामनेही त्याच सुमारास. आधी घरोघरी वेचणीला मजूर बाया लावत, मुलींना शिकायला सवड मिळे. पण ती वर्षं वाईट होती. कापूस पिकला तरी घरात काही राहत नव्हतं, आणि न पिकला तर बोलायचंच नाही. मजूर परवडेनात, तेव्हा घरच्या लेकी परत बोलावल्या जाऊ लागल्या. आज दोघी गेल्या, उद्या तिसरी. सामन्याला जाताना आमचा संघ जेमतेम पाच जणींचा उरायचा. पाच मैदानावर आणि बाकावर पाण्याच्या बाटल्या, सरांची टोपी, चेंडूंची जाळी. समोर मॅडमच्या बाकावर एकसारख्या ट्रॅकसुटातल्या सात मुली ओळीने बसलेल्या असत. आमच्यातल्या एकीला पाचवा फाउल मिळाला की आम्ही चौघींनी सामना संपवलाय. लोक हसायचे. सर टाळ्या वाजवत राहायचे.

अकरावीच्या वर्षी ती आली. हिवरखेडच्या बाजूची. अकोल्यात मावशीकडे राहून शिकत होती. बुटकी, सावळी, केसांना भरपूर तेल. मैदानावर आली तेव्हा पायात चपला होत्या. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "दोन्ही हातानं. मायच्या बरोबरीनं वेचतो मी."

सरांनी तिच्याकडे चेंडू टाकला. पहिल्या आठवड्यात तिला नियम कळत नव्हते, चेंडू हातात धरून धावायची. महिन्याभरात आमच्यापैकी कोणालाही तिच्याकडून चेंडू काढून घेता येईना. ती उजवीकडे जाईल म्हणून मी सरकावं तर ती डावीकडून गेलेली असायची. वर हसायची. मला तिचा फार राग यायचा आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही.

तिची एक सवय होती. बोंडाची टोकं बोटांच्या पेरांत घुसतात, वेचताना बाया मधेच हातावर फुंकर मारतात. हीसुद्धा मैदानावर, एखाद्या बाजूला झेप घेण्याआधी, चेंडू एका हातात खेळवत दुसऱ्या हाताच्या बोटांवर फुंकर मारायची. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. मला होतं, कारण सरावात रोज तिच्यासमोर मीच उभी असायची.

वेचणी सुरू व्हायच्या दिवशी वावरात सीतादहीची पूजा असते, दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय पहिलं बोंड तोडत नाहीत. त्या दिवशी ती गावी गेली आणि दुसऱ्या दिवशी डब्यात दहीभात घेऊन मैदानावर आली. सरांनी आधी दोन घास खाल्ले, मग आम्हाला दिले. म्हणाले, "आता काही दिवस येशीन का नाही?" ती म्हणाली, "येतो सर." पण नाही आली. त्याच हंगामात तिचे वडील गेले. कसे गेले हे आम्ही विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे असं काही कळलं की माणसं खाली पाहत आणि पुढचा प्रश्न गिळून टाकत.

तेरवी झाल्यावर ती परत आली. सगळ्या जणी तिच्याभोवती जमलो. सर लांबून म्हणाले, "पास!" आणि चेंडू तिच्या छातीवर आला. तिने तो झेलला. त्या दिवशी सरांनी तिला मैदानावरून उतरूच दिलं नाही.

तेवढ्यातच विभागीय सामने झाले. आम्ही अमरावतीकडून हरलो, नेहमीप्रमाणे. पण हिने त्या उंच मुलींच्या बगलेखालून इतक्या बास्केट केल्या, की सामना संपल्यावर मॅडम स्वतः आमच्या बाकाकडे आल्या. उंच, ताठ, पांढऱ्या साडीवर शिट्टी. बोलणं नेमकं. "ही मुलगी मला द्या. वसतिगृहात जागा देते."

मला वाटलं सर चिडतील. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष उरलं होतं आणि अमरावतीला एकदा, फक्त एकदा हरवायचं ही त्यांची इच्छा सगळ्या अकोल्याला ठाऊक होती. कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर त्यावरून त्यांची टिंगल चालायची. ही मुलगी बारावीलाही आमच्याकडे राहिली असती, तर ते जमण्यासारखं होतं. पण सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "न्या," म्हणाले. "इथं राह्यली तर सकाळच्या एस्टीनं कोनी येईन अन् संध्याकाळी घेऊन जाईन. तुमच्या होस्टेलातून नेता येनार नाही."

सर स्वतः हिवरखेडला जाऊन तिच्या मोठ्या भावाशी बोलले. भाऊही पोरसवदाच, सगळं घर अंगावर पडलेलं. तो म्हणाला, "सर, घरी वेचाले मानूस नाही. तरी एक साल देतो तिले. राज्यावर खेळली तर फुडं शिकू दे, खेळाच्या नोकरीत लागते म्हनतात पोरी. नाही खेळली तर घरी आनतो. मंग मले कोनी काही सांगू नोका." त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणजे गणित सरळ होतं. अमरावती विभाग जिंकली तर ती राज्याला जाणार आणि शिकणार. हरली तर ओटी बांधून वावरात, आणि वर्षभरात लग्न.

पुढच्या वर्षी विभागाच्या अंतिम सामन्यात समोर अमरावतीच होती. सामना त्यांच्याच मैदानावर. आम्ही सकाळच्या पॅसेंजरने निघालो, मूर्तिजापूरला सरांनी सगळ्यांना चहा पाजला. स्वतः मात्र प्यायले नाहीत. त्या वर्षी आमचा संघ बरा जमला होता. पाचही जणी टिकल्या होत्या, वेचणीला कोणी गेली नव्हती. कारण सर भल्या पहाटे एकेकीच्या घरी जाऊन बसायचे आणि कुणाच्या आजोबांशी, कुणाच्या काकाशी बोलत राहायचे, माणूस कंटाळून हो म्हणेपर्यंत. गाडीत ते मला म्हणाले, "यंदा होईन, बेटा." मी त्यांना एवढं आशेने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

ती अमरावतीच्या पोशाखात मैदानावर आली. तेल कमी झालं होतं, बूट नवे होते. आमच्याकडे पाहून हसली. मॅडमनी तिला उजव्या कोपऱ्यात उभं केलं होतं, अगदी रेषेजवळ. त्यांच्या खेळाची आखणी ठरलेली असे, मधली जागा उंच मुलींची, बुटक्या मुलींनी कोपऱ्यातून चेंडू आत द्यायचा. तिच्यावर मला ठेवलं होतं.

कोपऱ्यात एका बाजूला रेषा असते. तिथून जायला एकच वाट. केव्हा निघणार एवढं कळलं की झालं, आणि ते मला कळत होतं. तिने बोटांवर फुंकर मारली की मी हात घालायची. एकदा चेंडू काढला, दुसऱ्यांदा काढला, मग पुन्हा. ती गोंधळली. मॅडमनी शिट्टीवर बोट ठेवून दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि तिला बाहेर बोलावून बसवलं. त्यांच्याकडे दुसरी होती, दुसरीच्या मागे तिसरी होती.

मध्यांतराला आम्ही पुढे होतो. अमरावतीच्या अंगणात अमरावतीच्या पुढे. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी बाटलीतून पाणी पिताना समोरच्या बाकाकडे पाहिलं. ती शेवटच्या टोकाला बसली होती, ट्रॅकसुटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आम्ही जिंकलो तर तिचं काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. आणि तरी मला जिंकायचं होतं. खेळणाऱ्याला विचारा, त्या क्षणी दुसरं काही नसतं.

तेवढ्यात सर उठले. आम्हाला सूचना द्यायच्या सोडून, टोपी बाकावर ठेवून, सरळ मैदान ओलांडून समोर गेले. मॅडमशी दोन वाक्यं बोलले. मॅडम आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या, मग त्यांनी वळून बाकाच्या टोकाकडे पाहिलं. सर परत आले आणि आम्हाला म्हणाले, "चला, दम नका सोडू." बस, एवढंच.

दुसऱ्या अर्ध्यात ती मैदानाच्या मधोमध उभी होती. तिथे दोन्ही बाजू मोकळ्या. तिने फुंकर मारली की ती निघणार हे मला अजूनही कळत होतं, पण कुठे, ते कळत नव्हतं. डावीकडून गेली, उजवीकडून गेली. माझा आळशी डावा हात तिच्यापर्यंत पोचलाच नाही. आम्ही शेवटपर्यंत झुंजलो आणि थोडक्यात हरलो. सर बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या बास्केटला वाजवत होते आणि तिच्याही.

सामना संपल्यावर मी चेंडू गोळा करत होते, तर ती आली आणि जुन्या सवयीने चेंडूंची जाळी खांद्यावर घेतली. अकोल्याला असताना ते तिचंच काम होतं. अमरावतीच्या पोशाखात आमची जाळी उचलून ती फाटकापर्यंत आली. तिनेच मला सांगितलं, "सर मॅडमले म्हने, हिले मधात उभी करा, दोन्ही हात आहेत तिले. अन् बसवू नका."

मी जाळी तिच्या हातातून हिसकावून घेतली.

परतीच्या गाडीत मी सरांशी बोलले नाही. मूर्तिजापूरला त्यांनी चहा पुढे केला, तो घेतला नाही. बाकीच्या मुली रडत होत्या. अकोल्यात बातमी आमच्या आधी पोचली होती. कोणी म्हणालं, मास्तर विकला गेला. कोणी म्हणालं, दया आली त्याला. मला दोन्हींचा संताप आला, पण दयेचा जास्त. दया करायची तर आमच्यावर करायची होती, आम्हीसुद्धा कुणाच्या तरी लेकी होतो. त्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले नाही.

ती राज्याला खेळली. भावाने शब्द पाळला. ती शिकली आणि पुढे एका तालुक्याच्या गावी खेळाची शिक्षिका झाली. मीही तेच झाले. आम्ही सामन्यांना भेटायचो, हसून बोलायचो, त्या सामन्याचं नाव मात्र काढत नसू. मग बऱ्याच वर्षांनी एके दिवशी तिचा फोन आला, "सरांची तब्येत ठीक नाही. तू जाऊन ये वं."

गेले. जुन्या शहरातलं लहानसं घर, खिडकीजवळ खाट. सर वाळून गेले होते, पण मला पाहून आधी विचारलं, "डावा हात सुधारला का?" मला रडूच आलं. त्यांची सून चहा ठेवून गेली. मग मी विचारलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदम ओठांवर आलं, आणि सरळ नाही आलं, भांडणासारखं आलं. "काहून केलं तुम्ही असं? तुमचं शेवटचं वर्ष होतं. आम्ही जिंकत होतो सर. तिची दया आली तर आमची नाही आली?"

सर खिडकीबाहेर पाहू लागले. मग म्हणाले, "दया नाही, बेटा. राज्याचं तर त्या टाइमाले माह्या ध्यानातबी नव्हतं. अल्ला कसम." त्यांनी उशी सरकवून पाठ टेकली. "मॅडम चांगल्या कोच होत्या. पन त्यांच्यापाशी लय पोरी होत्या. ज्याच्यापाशी लय असते, थो बसवू शकते. मले बसवनं कधी आलंच नाही. आपल्या बाकावर कधी कोनी बसलं का? माही टोपी बसे."

त्यांनी खाटेवरचा हात वर केला, पाच बोटं पसरली, मला दाखवली.

"माह्या पाच पोरी खेळून राह्यल्या होत्या," ते म्हणाले. "अन् सहावी थ्या बाकावर बसली होती. कशी बसू देऊ मी तिले, तू सांग."

चहा गार झाला होता. मी तो तसाच पिऊन टाकला, आणि सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.